हद्दवाढीचा प्रश्न : पुणे आणि भोवतालची गावे

कोथरूड, बाणेर किंवा वडगाव शेरीतल्या एखाद्या सोसायटीचा पूर्ण पत्ता वाचला, तर त्यात कुठेतरी ‘स. नं.’ आणि ‘हिस्सा नं.’ येतोच. तो शेताचा नंबर. शिवाजीनगरच्या जुन्या भागात मात्र ‘फायनल प्लॉट नंबर’ लिहिलेला असतो. दोन्ही जमिनी मुळात शेतीच्याच. दुसरीवरचे बांध आधी मोडले, रस्ते आखले आणि मग घरे आली. पहिलीवर बांध तसेच राहिले आणि त्यांच्या आत घरे उभी राहिली. पुण्याच्या हद्दवाढीबद्दल गेली तीसेक वर्षे जो वाद चालू आहे, त्याचे मूळ या फरकात आहे. वाद घातला जातो तो बहुतेक वेळा वेगळ्याच मुद्द्यावर : गाव महापालिकेत घ्यायचे की बाहेर ठेवायचे. हा वाद कसा वाढला, त्यात कोण काय म्हणते आणि काय सुटायचे राहिले आहे, ते इथे क्रमाने पाहू.

पेठांच्या बाहेर

भांबुर्डे हे मुठेपलीकडचे गाव, आजचे शिवाजीनगर. १९१५ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला आणि भांबुर्डे, संगमवाडी अशा भागांत त्याखाली योजना राबवल्या गेल्या. तत्त्व सोपे होते. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, त्यातून रस्ते आणि सार्वजनिक जागा काढायच्या आणि उरलेली जमीन नीट आखलेल्या भूखंडांच्या रूपात ज्याची त्याला परत द्यायची. मालकाची जमीन कमी होई, पण रस्त्याला लागे, म्हणून तिचा भाव वाढे.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महापालिका स्थापन झाली. पुढे ११ वर्षांनी, १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले हजारो लोक उघड्यावर आले. गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहतींत त्यांचे पुनर्वसन झाले. शहर पेठांबाहेर राहू शकते, हे पुणेकरांना पटायला तो पूर कारणीभूत झाला, असे जुने लोक सांगतात.

उत्तरेला निराळेच घडत होते. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) आले, पाठोपाठ मोठे कारखाने आले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. म्हणजे शेजारच्या गावांनी पुण्यात विलीन न होता स्वतःचे शहर उभे केले, याचा दाखला घरातच आहे. स्वतंत्र महापालिकेची मागणी आज ज्या ज्या भागांतून होते, तिथे पिंपरी-चिंचवडचे नाव घेतले जाते ते यामुळे.

पूर्वेची गोष्ट पाण्याची आहे. खडकवासल्याचे धरण आणि मुठा कालवा हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले काम. या कालव्याने हडपसर, मांजरी आणि खाली दौंडपर्यंतचा पट्टा बागायती केला. ऊस, भाजीपाला, द्राक्षे. वसंतदादा साखर संस्था आणि द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र ही दोन्ही मांजरीत आहेत, हा योगायोग नव्हे. पुण्याच्या विस्तारात गेलेली बरीच जमीन अशी होती : माळरान नव्हे, तर शंभर वर्षे पाटाचे पाणी पिऊन कसदार झालेली काळी.

आत, बाहेर, पुन्हा आत

१९९७ मध्ये राज्य सरकारने ३८ गावे पुणे महापालिकेत घेतली. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडचीही हद्द वाढली. पण २००१ मध्ये या ३८ पैकी १५ गावे वगळण्यात आली आणि उरली २३. वगळलेल्यांपैकी काही गावे पुढे २०१७ च्या यादीत पुन्हा दिसली. मधल्या १६ वर्षांत तिथे जे बांधकाम झाले, ते कुणाच्या आराखड्यानुसार झाले, हा प्रश्न विचारला की दोन्ही बाजूंचे लोक गप्प बसतात.

त्या काळी हद्दीला आणखी एक अर्थ होता. हद्दीवर जकात नाका असे. महापालिकेचे पोट जकातीवर चाले, म्हणून गोदामे आणि कारखाने असलेली गावे तिला हवी असत आणि नेमक्या त्याच गावांतल्या व्यापाऱ्यांना ती नको असे. २०१३ मध्ये जकात गेली, स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला. २०१७ मध्ये जीएसटी आला. आता महापालिकेकडे स्वतःचे म्हणावे असे मोठे उत्पन्न उरले ते मिळकतकराचे आणि बांधकाम परवानगीच्या शुल्काचे. हद्दवाढीच्या गणितातला हा बदल चर्चेत फारसा येत नाही, पण महत्त्वाचा आहे. नवी बांधकामे जिथे जोरात आहेत, ती गावे फायद्याची. आधीच दाटीवाटीने भरलेली गावे खर्चाची.

मे २०१४ मध्ये आणखी ३४ गावे घेण्याचा प्रस्ताव आला. इथे पुण्याची गोष्ट राज्यातल्या इतर शहरांपेक्षा वेगळी झाली. प्रस्ताव रेंगाळला तेव्हा हवेली तालुका नागरी कृती समिती उच्च न्यायालयात गेली, ती गावे महापालिकेत घ्या म्हणून. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे आली, त्यांत धायरी, उंड्री, आंबेगाव, लोहगावचा उरलेला भाग, फुरसुंगी आणि उरुळी देवाची होती. ३० जून २०२१ रोजी वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, नांदेड, खडकवासला, सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक अशी २३ गावे आली. २०१७ पूर्वी सुमारे २५० चौरस किलोमीटर असलेली महापालिका ५१६ चौरस किलोमीटरवर गेली. क्षेत्रफळात पुणे मुंबईच्या पुढे गेल्याच्या बातम्या झळकल्या, काही ठिकाणी फटाकेही वाजले. दप्तर महापालिकेकडे जाण्याआधी काही ग्रामपंचायतींनी घाईघाईने नोकरभरती दाखवली आणि जिल्हा परिषदेला चौकशी करावी लागली, तेही याच काळात.

पुढच्या तीन वर्षांत वारे फिरले. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे मिळकतकराच्या तक्रारीवरून बाहेर पडायला निघाली आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगर परिषद झाली. याच उरुळी-फुरसुंगीच्या हद्दीत पुण्याचा कचरा डेपो आहे. शहराचा कचरा कित्येक वर्षे सोसलेल्या, त्यासाठी अनेकदा रस्त्यावर उतरलेल्या गावांनी शहरात येऊन सात वर्षांत परत जावे, यातला विरोधाभास कुणाच्या नजरेतून सुटलेला नाही.

शिक्क्याआधीची वर्षे

हद्दवाढीची अधिसूचना निघते तेव्हा गाव आधीच शहर झालेले असते. ते कसे होते, हे जवळून पाहण्यासारखे आहे.

शेतकऱ्याकडे एक एकर म्हणजे ४० गुंठे आहेत असे धरा. भावाभावांत वाटण्या झाल्या की पट्टी अरुंद आणि लांब होते, कारण प्रत्येकाला रस्त्याचे तोंड हवे असते. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एक-दोन गुंठ्यांची शेतजमीन स्वतंत्र विकता येत नाही. बिनशेती करून रीतसर ले-आउट मंजूर करायचा, तर रस्ते आणि मोकळी जागा सोडावी लागते, खर्च आणि हेलपाटे वेगळे. मग साठेखत किंवा कुलमुखत्यारपत्र होते, नोटरीचा शिक्का बसतो, सातबाऱ्यावर अनेकांची नावे एकत्र चढतात. मध्ये दहा-बारा फुटांची बोळ सोडून दोन्ही बाजूंना गुंठा-गुंठ्याचे, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचे तुकडे पाडले जातात. घेणारा असतो कारखान्यातला फिटर, रिक्षाचालक, गावाकडची थोडी जमीन विकून आलेला मराठवाड्यातला कुणी. तो दोन खोल्या बांधतो. ग्रामपंचायत घराची नोंद नमुना आठवर घेते आणि घरपट्टी लावते. वीजजोड मिळतो. पाच वर्षांत दोन खोल्यांवर तीन मजले चढतात. दहा वर्षांनी महापालिका येते आणि विचारते, परवानगी कुठे आहे?

या साखळीत कुणा एकाला दोषी धरणे अवघड आहे. शेतकऱ्याला पैसा लागतो, घेणाऱ्याला परवडणारे घर, ग्रामपंचायतीला घरपट्टी. सरकारने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि त्याची मुदत पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली. कागद नियमित होऊ शकतो, पण बोळीचा रस्ता होत नाही आणि अग्निशमनाचा बंब आत जात नाही.

मधल्या काळात आराखडा करायचा कुणी, याची उत्तरेही बदलत राहिली. पूर्वी प्रादेशिक योजना होती. तिच्यात शेती आणि ना-विकास विभाग दाखवलेले असत आणि ते एकेक करून उठवलेही जात. मार्च २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) स्थापन झाले. २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, पण त्यांच्यासाठी नियोजन प्राधिकरण म्हणून नेमले गेले पीएमआरडीएलाच. म्हणजे पाणी, रस्ते आणि कचरा महापालिकेकडे, बांधकाम परवानगी आणि तिचे शुल्क दुसरीकडे. पीएमआरडीएने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रारूप विकास आराखडा २०२५ मध्ये राज्य सरकारने रद्द केला.

कोण काय म्हणते

हद्दवाढीच्या बाजूने बोलणाऱ्यांत प्रशासन आहे, काही नगररचनाकार आहेत आणि गावांत फ्लॅट घेतलेले नवे रहिवासी आहेत. पाणी, मैला, कचरा आणि बससेवा यांना गावाची शीव कळत नाही. नदी वरच्या गावात घाण झाली तर खालचे शहर ती पिते. म्हणून यंत्रणा एक हवी, असा त्यांचा मुद्दा. त्यांना नेहमी उपयोगी पडणारे उदाहरण हिंजवडीचे. देशातल्या मोठ्या आयटी पार्कांपैकी एक ज्या गावात आहे, तिथे कारभार ग्रामपंचायतीचा. २०२५ च्या पावसाळ्यात तिथले रस्ते तुंबले तेव्हा एमआयडीसी, पीएमआरडीए, ग्रामपंचायत आणि मेट्रोचे काम यांत जबाबदारी कुणाची, हेच ठरेना. पिंपरी-चिंचवडमध्ये विलीन करण्याची मागणी तेव्हा पुन्हा जोरात आली.

विरोध करणाऱ्यांत जुने गावकरी जास्त आणि त्यांची कारणे शहरात वाटते तितकी भावनिक नाहीत. पहिले कारण कराचे. कायद्याने नव्या भागात कर टप्प्याटप्प्याने वाढवायचा असतो, पण बांधकाम अनधिकृत ठरले की दंडासह तो तिप्पट होतो आणि या गावांत अधिकृत बांधकामे किती, हे वर आलेच आहे. दुसरे कारण मोबदल्याचे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात शहरी जमिनीच्या बाजारभावाला गुणांक एक आहे, ग्रामीण जमिनीसाठी तो दोनपर्यंत जाऊ शकतो. त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम. त्यामुळे गाव हद्दीत गेले की त्याच शेताचा सरकारी मोबदला निम्म्यावर येऊ शकतो. तिसरे आरक्षणाचे. १९९७ मध्ये आलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण पडले आणि मालकांना आठ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर) देण्याचा निर्णय २०१५ मध्ये झाला. गाव शहरात आल्यापासून १८ वर्षांनी. टेकड्या वाचवायला हव्यात, हे पर्यावरणवाद्यांचे म्हणणे सबळ आहे. ज्याची जमीन इतकी वर्षे ना शेतीची राहिली ना विकायची, त्याची तक्रारही खोटी नाही.

तिसरी वाट स्वतंत्र संस्थेची. पूर्व पुण्याची वेगळी महापालिका करा, ही हडपसर भागातली जुनी मागणी. २०२५ मध्ये उपमुख्यमंत्रिपदी असताना अजित पवार यांनी चाकण, हिंजवडी आणि मांजरी-फुरसुंगी-उरुळी परिसरासाठी तीन नव्या महापालिका लागतील, असे बोलून दाखवले. लहान संस्थेत नगरसेवक हाताशी असतो, पैसा तिथेच खर्च होतो, हा यातला फायदा. धरणांतला पाण्याचा वाटा, कचऱ्याची जागा आणि अनुभवी अभियंते मात्र मोठ्या महापालिकेकडेच राहतात. फुरसुंगी-उरुळीच्या नगर परिषदेला ही अडचण पहिल्या दिवसापासून आली.

शेतकरीच विकसक झाले तर?

या वादाला बगल देणारा प्रयोगही हडपसरचाच आहे. मगरपट्ट्यातली सुमारे ४०० एकर जमीन ऐंशीच्या दशकातल्या विकास आराखड्यात भविष्यातील नागरीकरणासाठी दाखवली गेली होती. ती तुकड्यातुकड्याने बिल्डरांना विकण्याऐवजी सतीश मगर यांच्या पुढाकाराने सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी एकत्र येऊन कंपनी काढली. जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. २००० च्या सुमारास बांधकाम सुरू झाले. आयटी इमारतींचे भाडे येत राहिले. घरांतली मुले कंत्राटदार, पुरवठादार झाली. पुढे नांदेड गावात, सुमारे ७०० एकरांवर, हीच पद्धत वापरून नांदेड सिटी झाली.

कौतुक भरपूर झाले आणि ते वाजवीच आहे. पण साई बालकृष्णन यांनी ‘शेअरहोल्डर सिटीज’ या २०१९ च्या पुस्तकात मुंबई-पुणे पट्ट्यातल्या अशा प्रयोगांची जी चिकित्सा केली, तीही ध्यानात घ्यावी लागते. साखर कारखानदारीतून सहकाराचा, राजकारणाचा आणि बँकांचा सराव झालेल्या बागायतदारांना भागीदार होणे जमले. कमी प्रतीची जमीन आणि कमी वजन असलेल्यांना ते त्याच अटींवर जमले नाही. मगरपट्टा एका भावकीचा होता, हेही विसरता येत नाही. जिथे सातबाऱ्यावर पाच जातींची आणि पंधरा गुंतवणूकदारांची नावे आहेत, तिथे अशी एकी कशी घडवायची?

याचे सरकारी उत्तर म्हणजे तीच जुनी नगररचना योजना. पीएमआरडीएने म्हाळुंगे-माण इथे सुमारे २५० हेक्टरांवर ती आखली. साधारण अर्धी जमीन विकसित भूखंडाच्या रूपात मालकाला परत, अशी तिची मांडणी. अहमदाबादने अशा योजनांवर शहराचा मोठा भाग उभा केला, महाराष्ट्राने मात्र पन्नासेक वर्षे ही पद्धत जवळजवळ बाजूला ठेवली होती. मला स्वतःला ती सर्वांत समन्यायी वाटते. पण ती घरे उभी राहण्याआधीच करता येते. नऱ्हे-आंबेगावात आता कोणते बांध मोडणार?

इतर शहरांचा अनुभव

कोल्हापूर महापालिका १९७२ मध्ये झाली, तेव्हापासून तिची हद्द सुमारे ६७ चौरस किलोमीटरच राहिली आहे. एका बाजूला हद्दवाढ कृती समिती, दुसरीकडे हद्दवाढविरोधी कृती समिती, आणि मधला तोडगा म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांचे विकास प्राधिकरण. हद्द न वाढल्याने गावांचे नागरीकरण थांबले नाही, एवढे तिथे दिसले.

कल्याण-डोंबिवलीतली २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये वगळली, २०१५ मध्ये परत घेतली. २०२० मध्ये त्यांतली १८ पुन्हा वगळण्याचा निर्णय उच्च न्यायालयाने रद्द केला. वसई-विरारमध्ये २००९ मध्ये महापालिका झाल्यापासून २९ गावांचा वाद रस्त्यावर आणि कोर्टात चालला.

नवी मुंबईचा मार्ग उलट होता. १९७० पासून ९५ गावांची जमीन सरकारने आधीच संपादित केली. त्यातून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ चे जासईचे आंदोलन झाले, गोळीबारात पाच जण मारले गेले आणि पुढे विकसित जमिनीतला साडेबारा टक्के परताव्याचा निर्णय आला. राज्यभर आज जमिनीच्या मोबदल्याची जी भाषा बोलली जाते, तिचा उगम बराचसा तिथला.

काय सुटायचे आहे

पहिली गोष्ट पाणी. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावर नांदेड, किरकटवाडी, धायरी, नांदोशी, खडकवासला या पट्ट्यात गुइलेन-बारे सिंड्रोमची साथ आली; संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडले आणि सगळ्यांचे लक्ष नांदेड गावातल्या विहिरीकडे गेले. खडकवासला धरण उशाशी म्हणावे इतके जवळ, गाव साडेतीन वर्षे महापालिकेत. तरी शुद्धीकरण केंद्राचे पाणी पोचले नव्हते आणि विहिरीच्या पाण्यात फक्त क्लोरीन मिसळून ते पुरवले जात होते. वाघोली, उंड्री, पिसोळीत टँकर नित्याचा. दुसऱ्या टोकाला दौंड-इंदापूरचे शेतकरी आहेत. खडकवासला साखळीतल्या चार धरणांची क्षमता सुमारे २९ टीएमसी. शहर वाढले की या शेतकऱ्यांचे आवर्तन आखडते. शहर खालच्या शेताचे पाणी कोणत्या मोबदल्यावर घेते, याबद्दल जमिनीसारखा कायदा नाही.

दुसरी गोष्ट प्रतिनिधित्वाची. २०२१ मध्ये २३ ग्रामपंचायती बरखास्त झाल्या, मार्च २०२२ मध्ये महापालिकेचीच मुदत संपली आणि निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. साडेचार वर्षे या गावांत ना सरपंच होता, ना त्यांनी निवडलेला नगरसेवक. ७४ व्या घटनादुरुस्तीत ग्रामीणकडून शहरीकडे संक्रमण होणाऱ्या भागासाठी नगर पंचायतीची सोय आहे. पुण्याच्या भोवती तिचा वापर अपवादानेच झाला.

तिसरी गोष्ट, ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांची. दुसऱ्याच्या शेतात राबणारी माणसे, वीटभट्टीवरचे मजूर, गायरानावर शेळ्या चारणारे, खंडाने शेत करणारे. मोबदला, टीडीआर, भूखंड-परतावा, कंपनीतला भाग, सगळे मालकीच्या कागदावर मिळते. बहिणींचेही तसेच. मुलींना वारसाहक्क देणारा राज्याचा कायदा १९९४ चा, केंद्राची दुरुस्ती २००५ ची. पण गावाला भाव येऊ लागला की सर्वांत आधी हक्कसोडपत्रे नोंदवली जातात. हद्दवाढीच्या चर्चेत हा विषय जवळजवळ नसतोच.

आणि कर. सध्या समाविष्ट ३२ गावांत मिळकतकराची आकारणी कशी असावी, हा वाद शासनाच्या दारात आहे. २०२४ मध्ये वसुलीला स्थगिती मिळाली. महापालिका म्हणते कराशिवाय पाण्याच्या टाक्या आणि मैलावाहिन्या कशा घालू. गावे म्हणतात, आधी पाणी द्या मग कर मागा. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तेवढ्यात हद्दीबाहेरच्या पुढच्या रांगेतल्या गावांत, लोणीकंद, थेऊर, नेरे, जांबे या बाजूंना, प्लॉटिंगच्या पाट्या लागल्या आहेत.